लिस्बन ते हेलसिंकी: दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढण्याची रीत

युरोपची सहल स्वतः आखणाऱ्यांकडून एकच चूक वारंवार होते. दोन शहरांमधलं अंतर कुठून तरी उचलायचं, त्याला ९०० ने भागायचं आणि आलेल्या तासांवर पुढची ट्रेन, हॉटेल, जोडविमान सगळं बसवायचं. मग तिकिटावर सकाळी १० ते संध्याकाळी ५ दिसलं की "सात तास कसे काय?" आणि परतीच्या तिकिटावर तीनच तास दिसले की "हे विमान वेगळं आहे का?" असे प्रश्न येतात. दोन्ही शंकांचं मूळ एकच, आकडे चुकीच्या क्रमाने हाताळणं.

या लेखात एकच जोडी शेवटपर्यंत घेतली आहे: पोर्तुगालचं लिस्बन आणि फिनलंडचं हेलसिंकी. युरोपच्या नैऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंतचा हा प्रवास आहे आणि बहुतेक सगळे सापळे यात सापडतात. मुंबई-दिल्लीच्या जवळपास तिप्पट अंतर, मध्ये दोन तासांचा घड्याळाचा फरक, पश्चिम रेखांश आणि वाऱ्याचा खेळ. रीत समजली की हीच कृती कुठल्याही जोडीला लावता येते.

## सुरुवातीआधी हाताशी काय ठेवायचं

- दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड. लिस्बनचा एल-आय-एस, हेलसिंकीचा एच-ई-एल.
- दोन्हींचे अक्षांश-रेखांश, दशांश अंशांत. लिस्बन: ३८.७७४ उत्तर, ९.१३४ पश्चिम. हेलसिंकी: ६०.३१७ उत्तर, २४.९६३ पूर्व.
- प्रवासाची तारीख. "मे महिन्यात कधीतरी" एवढ्यावर भागत नाही. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये तर मुळीच नाही.
- साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. फोन आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो उघडतो. गणिताचा कंटाळा असेल तर गूगल अर्थमधली मोजपट्टी चालेल.

एक कागदही घ्या आणि त्यावर सहा ओळी आखा: सरळ अंतर, उडालेलं अंतर, हवेतला वेळ, गेट ते गेट वेळ, घड्याळाची वेळ, दारापासून दारापर्यंतचा वेळ. हे सहा वेगवेगळे आकडे आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरला की हिशेब फसतो.

## टप्पा १: विमानतळ पक्का करा

शहरांमधलं अंतर विसरा, विमान विमानतळावरून उडतं. लिस्बन-हेलसिंकीत हा त्रास कमी आहे. लिस्बनचं प्रवासी विमानतळ एकच, तेही शहरातच. हेलसिंकीचं विमानतळ शेजारच्या वांता या नगरपालिकेच्या हद्दीत, शहराच्या उत्तरेला.

इतर ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लंडनच्या नावावर सहा विमानतळ आहेत: हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएन्ड. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. स्वस्त तिकिटाचं स्वस्तपण अशा वेळी बसच्या भाड्यात आणि दोन तासांच्या खटाटोपात जिरतं.

सावधान: अंतर सांगणाऱ्या साइटवर नुसतं शहराचं नाव टाईप करू नका. बर्मिंगहॅम टाकलं की अमेरिकेतल्या अलाबामातलं, नेपल्स टाकलं की फ्लोरिडातलं निवडलं जाऊ शकतं. कोडच टाका.

## टप्पा २: सरळ हवाई अंतर काढा

सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात जवळचं अंतर. भूगोलात त्याला बृहद्वृत्ताचं अंतर म्हणतात. सपाट नकाशावर ही रेषा वाकडी दिसते आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच.

आपल्या शाळेच्या भिंतीवर असायचा तो जगाचा नकाशा घ्या किंवा फोनमधला नकाशा दूर झूम करून बघा. त्यात उत्तरेकडचे देश ताणलेले असतात. मर्केटर पद्धतीच्या नकाशात लिस्बनजवळ हा ताण सुमारे १.२८ पट, तर हेलसिंकीजवळ दुपटीहून किंचित जास्त. विषुववृत्ताची मोजपट्टी घेऊन त्या नकाशावर लिस्बन-हेलसिंकी मोजलं तर साधारण ५,३५० किलोमीटर येतात. खरं अंतर त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी आहे.

दुसरी पळवाट म्हणजे अक्षांशांचा फरक आणि रेखांशांचा फरक घेऊन पायथागोरस लावणं आणि १११ ने गुणणं. उत्तर साधारण ४,४८० येतं. तेही चूकच, कारण १११ किलोमीटरचा हिशेब अक्षांशाच्या अंशाला लागू पडतो. रेखांशाचा एक अंश उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो आणि हेलसिंकीला तो जेमतेम ५५ किलोमीटर उरतो.

योग्य कृती अशी:

१. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर आहे ना ते बघा. साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं. काही भलतंच आलं तर तो रेडियनवर आहे.

२. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या. लिस्बन म्हणजे उणे ९.१३४. भारत अख्खा पूर्व रेखांशात असल्यामुळे आपल्याला या चिन्हाची सवय नसते.

३. रेखांशांचा फरक काढा: २४.९६३ वजा (उणे ९.१३४) = ३४.०९७.

४. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.६२६ × ०.८६९ = ०.५४४.

५. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: ०.७८० × ०.४९५ × ०.८२८ = ०.३२०.

६. दोन्ही गुणाकारांची बेरीज ०.८६४. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) घ्या. ३०.२६ अंशांच्या आसपास येईल. इथे तीनच दशांश स्थळं दाखवली आहेत, कॅल्क्युलेटरमध्ये मात्र सगळी राहू द्या.

७. त्याला १११.१९ ने गुणा. उत्तर सुमारे ३,३६५ किलोमीटर.

पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. त्यामुळे वेगवेगळ्या साइटवर पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे दिसतील. त्यावर वाद घालत बसू नका.

पडताळणी: उणे चिन्ह विसरलात तर उत्तर २,६४० च्या आसपास येतं. दिसायला पटण्यासारखा आकडा आहे, म्हणूनच धोकादायक. त्या हिशेबात लिस्बन सार्डिनिया बेटाच्या दक्षिणेला समुद्रात जाऊन पडलेलं असतं. उत्तर आलं की गूगल अर्थवर मोजपट्टी ताणून एकदा ताडून बघा.

सावधान, मैल दोन प्रकारचे: ३,३६५ किलोमीटर म्हणजे जमिनीवरचे २,०९१ मैल आणि सागरी १,८१७ मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात (१.८५२ किलोमीटरचा एक), इंग्रजी प्रवासी साइट जमिनीवरचे (१.६०९ किलोमीटरचा एक). आकड्यापुढे नुसतं "मैल" लिहिलं असेल तर आधी कुठला ते ठरवा, मग पुढे जा.

## टप्पा ३: रेषा कुठून जाते ते बघा

हा टप्पा लोक गाळतात. मला मात्र तो सगळ्यात उपयोगाचा वाटतो, कारण प्रत्यक्ष विमान किती वळसा घेईल याचा अंदाज इथेच येतो.

लिस्बनहून निघालेली रेषा आधी उत्तर-ईशान्येला, उत्तरेपासून मोजलेल्या साधारण ३३ अंशांच्या दिशेने जाते. पाव अंतरावर ती बिस्केच्या उपसागरावर असते, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे. बरोबर निम्म्यावर ती ब्रसेल्सच्या थोडी नैऋत्येला येते. पाऊण अंतरावर दक्षिण स्वीडनमधला स्कोने प्रांत. हेलसिंकीत शिरताना दिशा ६० अंशांकडे वळलेली असते. सुकाणूला झटका न देताही दिशा बदलत जाते, ती याच गोलाईमुळे.

आता यातली मेख बघा. रेषेचा मधला भाग बेल्जियम, नेदरलँड्स आणि वायव्य जर्मनीवरून जातो. या टापूतलं २४,५०० फुटांच्या वरचं आकाश युरोकंट्रोल या युरोपीय हवाई वाहतूक संस्थेचं मास्ट्रिख्ट केंद्र सांभाळतं आणि युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या आकाशांपैकी ते एक. इथे तुमच्या विमानाला आखीव रेषा कुणी मोकळी करून देत नाही. लष्करी सराव, वादळी ढग, गर्दी यांप्रमाणे मार्ग सरकतो. शिवाय लिस्बनला उड्डाण दक्षिणेकडे तोंड करून झालं तर आधी वळून उत्तरेला यावं लागतं.

म्हणून सरळ अंतरात काही भर घालायची. युरोपात मी ५ टक्के धरतो. ३,३६५ चे होतात साधारण ३,५३० किलोमीटर.

सावधान, बंद आकाश: ५ टक्क्यांचा ठोकताळा सगळीकडे चालत नाही. हेलसिंकी-अथेन्स घ्या. सरळ अंतर सुमारे २,४९० किलोमीटर, रेषा जवळजवळ थेट दक्षिणेला, आणि ती बेलारूस व पश्चिम युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि बेलारूसवरून युरोपीय कंपन्या २०२१ पासूनच जात नाहीत. विमान पोलंडकडून वळसा घेतं. हेलसिंकीहून जपानला जाणाऱ्यांना हा फटका फारच मोठा बसला: रशियाचं आकाश बंद झाल्यावर टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. अंतर तसूभरही बदललं नाही.

पडताळणी: फ्लाइटरडार२४ या साइटवर विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्याची उड्डाणं उघडा. नकाशावर रोजची रेषा दिसते. दोन-तीन दिवस बघितलेत तरी वळशाचा अंदाज येतो.

## टप्पा ४: हवेतला वेळ

या मार्गावर साधारणपणे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ च्या वर्गातली विमानं असतात. त्यांचा उंचीवरचा वेग ध्वनीच्या ०.७८ पट, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. ९०० धरू नका, तो लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांचा आकडा आहे.

३,५३० भागिले ८३० = ४.२५ तास.

थांबा. ४.२५ म्हणजे चार तास पंचवीस मिनिटं नव्हेत. ०.२५ ला ६० ने गुणायचं, १५ मिनिटं. ४ तास १५ मिनिटं. ही चूक शाळकरी वाटेल, पण जोडविमान हुकवायला ही दहा मिनिटं पुरतात.

वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. त्यासाठी १० ते १५ मिनिटं वाढवा. हवेतला एकूण वेळ साडेचार तासांच्या अलीकडे.

आता वारा. युरोपवर वरच्या थरात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात जोर धरतात. लिस्बनहून हेलसिंकीला जाताना ते पाठीवर, परतताना तोंडावर. ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८८० होतो आणि वेळ ४ तास १ मिनिट, येताना वेग ७८० आणि वेळ ४ तास ३२ मिनिटं. फरक अर्ध्या तासाचा. म्हणून "लिस्बन-हेलसिंकी किती वेळ?" या प्रश्नाला दिशा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

## टप्पा ५: गेट ते गेट

तिकिटावर छापलेला वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. विमान कंपन्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं आलं.

लिस्बनची धावपट्टी एकच आणि वर्दळ प्रचंड, त्यामुळे निघताना १५ मिनिटं धरा. हेलसिंकीला तीन धावपट्ट्या आहेत, उतरल्यावर ७ ते १० मिनिटं पुरे. म्हणजे जाताना साधारण ४ तास ४० मिनिटं, येताना ५ तास १५ मिनिटांच्या आसपास. येतानाच्या हिशेबात हिवाळ्यात आणखी एक गोष्ट मिळवा: हेलसिंकीला उड्डाणाआधी पंखांवरचं बर्फ रसायन फवारून काढतात. त्यात दहा-वीस मिनिटं सहज जातात.

कंपन्या स्वतःही यात थोडा जास्तीचा वेळ धरून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर विमान वेळेवर. म्हणून तिकिटावरचा वेळ तुमच्या हिशेबापेक्षा पाच-पंधरा मिनिटांनी जास्त निघाला तर तुमचं गणित चुकलं असं समजू नका.

पडताळणी: तुमचा आकडा आणि तिकिटावरचा आकडा यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर तीन शक्यता बघा. विमान मध्ये कुठेतरी थांबतं, मार्ग वळशाचा आहे, किंवा तुम्ही पुढचा टप्पा आधीच उरकून घड्याळाचा फरक त्यात मिसळला आहे. तिसरीच बहुतेक वेळा खरी निघते.

## टप्पा ६: आता घड्याळ लावा, आधी नाही

आपल्याकडे द्वारकेपासून दिब्रुगढपर्यंत एकच घड्याळ. देशात कितीही फिरा, तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की प्रवासाचा वेळ मिळतो. तीच सवय घेऊन आपण युरोपात जातो.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. लिस्बन हिवाळ्यात जागतिक वेळेबरोबर (यूटीसी, सगळी घड्याळं जिच्याशी ताडतात ती वेळ), उन्हाळ्यात तिच्या एक तास पुढे. हेलसिंकी हिवाळ्यात दोन तास पुढे, उन्हाळ्यात तीन तास. म्हणजे दोघांतला फरक बाराही महिने दोन तासच. पोर्तुगालला खेटून असलेला स्पेन मात्र त्याच्या एक तास पुढे आहे. बाडाहोस या स्पॅनिश शहरापाशी सीमा ओलांडली की घड्याळ बदललं.

उदाहरणादाखल वेळा घेऊ:

- जाताना: लिस्बन सकाळी १०.००, हेलसिंकी संध्याकाळी ४.५०. वजाबाकी ६ तास ५० मिनिटं. त्यातून दोन तास वजा, खरा वेळ ४ तास ५० मिनिटं.
- येताना: हेलसिंकी संध्याकाळी ६.००, लिस्बन रात्री ९.१५. वजाबाकी ३ तास १५ मिनिटं. त्यात दोन तास मिळवा, खरा वेळ ५ तास १५ मिनिटं.

वजा करायचे की मिळवायचे, यात गोंधळ होत असेल तर दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत आणा. उन्हाळ्यात लिस्बनचे १०.०० म्हणजे जागतिक ९.००, हेलसिंकीचे १६.५० म्हणजे जागतिक १३.५०. वजाबाकी ४.५०. एवढं केलं की पूर्व-पश्चिमेचा विचारच करावा लागत नाही.

पडताळणी, आणि ही फार छान आहे: जातानाची आणि येतानाची कच्ची वजाबाकी एकत्र करून निम्मी करा. ६.५० आणि ३.१५ मिळून १०.०५, निम्मे ५ तास २ मिनिटं. घड्याळाचा फरक एकदा अधिक आणि एकदा उणे झाल्यामुळे आपोआप उडतो आणि सरासरी खरा वेळ हाती येतो. कुठल्या देशाचं घड्याळ किती पुढे आहे हे ठाऊक नसलं तरी ही युक्ती चालते. फक्त दोन्ही तारखा घड्याळबदलाच्या एकाच बाजूच्या असाव्यात.

घड्याळबदल मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. युरोपीय संघातले सगळे देश एकाच क्षणी, जागतिक वेळेच्या पहाटे १ वाजता, घड्याळ सरकवतात. म्हणून लिस्बन-हेलसिंकीचा फरक त्या रात्रीही दोन तासच राहतो. आइसलंड मात्र घड्याळ बदलत नाही, तुर्कस्तानही २०१६ पासून बदलत नाही. त्यांच्याशी फरक ऋतूप्रमाणे हलतो. आपणही घड्याळ बदलत नाही, त्यामुळे घरी फोन करताना हेलसिंकीहून हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे. लिस्बनहून साडेपाच आणि साडेचार.

आणि वेळेचा अंदाज खिडकीबाहेर बघून करू नका. जूनच्या अखेरीस हेलसिंकीत सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. उजेड आहे म्हणजे जेवायची सोय मिळेल, असं नाही.

## टप्पा ७: थेट विमान नसेल तर

थेट विमान सगळ्या दिवशी मिळेलच असं नाही. मग जोडविमान. इथे अंतराचा आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर लिस्बन-फ्रँकफर्ट सुमारे १,८७५ आणि फ्रँकफर्ट-हेलसिंकी सुमारे १,५४० किलोमीटर. एकूण ३,४१५. थेट रेषेपेक्षा फक्त ५० किलोमीटर जास्त, कारण फ्रँकफर्ट त्या रेषेपासून फार लांब नाही. पण वेळ? दोन्ही तुकड्यांना वरचे टप्पे लावा: पहिला तीन तासांचा, दुसरा अडीच तासांचा. चढणं, उतरणं, रांगणं सगळं दोनदा. मधला दीड तास धरला की सात तास. ५० किलोमीटरांसाठी दोन तासांहून जास्त.

इस्तंबूलमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर अंतर ३,२१० अधिक २,१३५, म्हणजे ५,३४५ किलोमीटर. पण किलोमीटरपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे.

सावधान, व्हिसा: पोर्तुगाल आणि फिनलंड दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. थेट किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलात तर मध्ये इमिग्रेशन नाही. इस्तंबूल शेंगेनबाहेर आहे. लिस्बनहून तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि हेलसिंकीला पुन्हा प्रवेश घ्यावा लागेल. भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो लिस्बनलाच संपला. हेलसिंकीच्या विमानात चढूच देणार नाहीत. लंडनमार्गे जायचं तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी बघा.

दोन तुकडे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं कुणी थांबवत नाही. अशा वेळी मी तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका असंच सांगेन.

## टप्पा ८: दारापासून दारापर्यंत

लिस्बनला मेट्रोची लाल मार्गिका विमानतळापर्यंत जाते. तिकिटावर टर्मिनल २ असेल तर टर्मिनल १ ला उतरून तिथल्या मोफत बसने जायचं, त्यासाठी वीस मिनिटं वेगळी काढा. हेलसिंकीला विमानतळाच्या खालूनच लोकल सुटतात, आय आणि पी. एक एका बाजूने वळसा घेते, दुसरी दुसऱ्या, आणि दोन्ही साधारण अर्ध्या तासात मध्यवर्ती स्टेशनला पोचतात. जी आधी येईल ती पकडा.

वरच्याच उदाहरणात: लिस्बनचं हॉटेल सकाळी ७ ला सोडलं, विमान १० ला, हेलसिंकीला ४.५०, बॅग ५.२०, गाडी ५.४०, मुक्काम ६.१५. घड्याळ सव्वाअकरा तास सांगतं, दोन वजा केले की सव्वानऊ. साडेचार तास हवेत आणि जवळपास तेवढेच जमिनीवर.

पाच तासांच्या विमानातही खाणं विकतच मिळू शकतं. डब्यात पोळी-भाजी न्यायला हरकत नाही. लोणचं, चटणी मात्र सुरक्षा तपासणीत पातळ पदार्थात मोजतात, शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर बरणी बरेचदा तिथेच राहते.

## टप्पा ९: अंतराचा आकडा पैशात बदलतो तेव्हा

सरळ अंतराला टप्पा २ मध्ये एवढा वेळ दिला त्याचं आणखी एक कारण आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार विमान तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असली, तर भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. संघाच्या आतल्या आत त्याहून लांब असेल तर ४०० युरो. संघाबाहेरच्या प्रवासात ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ६००. लिस्बन-हेलसिंकी म्हणजे ४०० युरो. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप अशी कारणं असतील तर मिळत नाहीत.

इथे अंतर सरळ रेषेचंच धरतात. विमानाने कितीही वळसा घेतलेला असो, टप्पा ३ चा आकडा इथे लावू नका. एकाच तिकिटावर जोडविमान असेल तर पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांमधलं सरळ अंतर घेतात, मधला थांबा सोडून देतात. म्हणजे इस्तंबूलमार्गे ५,३४५ किलोमीटर उडालात तरी हिशेब ३,३६५ चाच.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी: युरोपीय संघातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान या नियमात येतं. मुंबईहून संघात जाणारं विमान मात्र संघातल्या कंपनीचं असेल तरच.

उशीर मोजतात तो चाकं धावपट्टीला टेकल्याच्या क्षणापर्यंतचा नसतो. विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची परवानगी मिळाली, तो क्षण धरतात. दोन तास पन्नास मिनिटं उशिरा टेकलेलं विमान गेटसाठी पंधरा मिनिटं थांबलं तर उशीर तीन तासांच्या वर गेला. तेव्हा दार उघडलं की फोनवर वेळ बघा, त्या स्क्रीनची प्रतिमा जपून ठेवा, आणि फोनने हेलसिंकीचं घड्याळ लावून घेतलंय ना, तेही बघा. विमानात तो फ्लाइट मोडवर असतो आणि दारापाशी बरेचदा लिस्बनचीच वेळ दाखवत असतो.